लाल टोपी उतरवल्यावर: कोटा, गेट की तपास?

गेल्या महिन्यात आमच्याच मिलिटरी पोलीस (एमपी) कोअरमधल्या एका हवालदाराचा फोन आला. पेन्शनला यायला आठ महिने उरलेत, वय त्रेचाळीस, मुलगी बारावीला, सातारा जिल्ह्यात घर बांधून झालंय. "उस्ताद, बाहेर येऊन करू काय? सगळे म्हणतात, एमपीवाल्याला सिक्युरिटीत डोळे झाकून घेतात."

घेतात, खरं आहे. दुखणंही तेच आहे. मिलिटरी पोलीस म्हटलं की लोकांना लाल टोपी आणि पांढरा पट्टा घालून गेटवर उभा असलेला जवान दिसतो. आमच्यातल्या काहींनी वर्षानुवर्षं केलेलं काम त्यांना कधी दिसलेलंच नसतं. टाकीतलं डिझेल कुठं मुरलं, रजेवरून परतताना गाडी उलटली ती कशी, दुसऱ्याच्या कॅन्टीन कार्डावर माल कोणी उचलला, हे सगळं जबाब घेऊन आणि रजिस्टरं ताडून काढायचं. पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी मंडळ बसतं, समरी ऑफ एव्हिडन्स होते, म्हणजे साक्षी-पुरावे लिहून घेतले जातात, आणि तिथं आपल्या कागदाची एकेक ओळ तपासली जाते.

या नोकरीत दोन गोष्टी एकत्र मिळतात: हुकूम आणि शोध. बाहेर त्या एका जागी मिळणं अवघड. तेव्हा कुठली सोडवेल ते आधी ठरव, असं मी त्याला म्हणालो. बाकीचं पुढं.

कोटा

ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार आणि साठीपर्यंत निश्चिंती हवी, त्यानं सरकारी वाट धरावी, यात वाद नाही. केंद्राच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के जागा आहेत. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत हेच प्रमाण १४.५ आणि २४.५ टक्के. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड पदांत १५ टक्के समांतर आरक्षण. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झालेल्याला बऱ्याच गट क पदांसाठी पदवीधर धरतात, त्यामुळं बँकेतल्या क्लार्कच्या परीक्षेचा दरवाजा उघडतो.

यातली एक गोम मात्र बऱ्याच जणांना उशिरा कळते. केंद्राच्या नियमानं या कोट्याचा फायदा घेऊन एकदा नागरी सरकारी नोकरी धरली, की पुढच्या भरतीसाठी तुमचं माजी सैनिकपण संपतं. अपवाद एवढाच, की रुजू होण्याआधी ज्या ज्या जागांसाठी अर्ज केलेत त्यांची तारीखवार यादी स्वयंघोषणापत्रासह पहिल्या नोकरीतच द्यायची. ती दिली नसेल तर मिळेल ती शिपायाची जागा घाईनं धरणारा नंतर बँकेकडं बघत बसतो.

राज्य पोलिसांचं काय, असा प्रश्न हमखास येतो. खाकीची ओढ मी समजू शकतो, मलाही होती. पण भरती होणार शिपाई म्हणून. जो माणूस काल अख्ख्या युनिटला प्रश्न विचारत होता, तो गणपतीत चौकात दोरी धरून उभा. तपास अंमलदार म्हणून कागद हाती यायला बरीच वर्षं जातात, आणि तोवर पन्नाशी जवळ येते. वर्दी राहते, शोध जातो.

गेट

सुरक्षा क्षेत्र सगळ्यांत लवकर मिळतं. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यातच सैन्यातून आलेल्यांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे. डीजीआरच्या, म्हणजे पुनर्वसन महासंचालनालयाच्या यादीतल्या एजन्सींना ९० टक्के माणसं माजी सैनिकच ठेवावी लागतात, आणि आपल्याकडं पुण्यात २००२ पासून मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ठेवलं तर रिकामं बसायची वेळ सहसा येत नाही.

पण तिथं तुमचं डोकं कोणाला नकोय. चोरी झाली की गार्डनं मॅनेजरला कळवायचं आणि मॅनेजरनं पोलिसांना. बारा तासांची ड्यूटी, कंत्राट बदललं की नवा ठेकेदार, नवा गणवेश. सुपरवायझर किंवा सिक्युरिटी ऑफिसर झालात तर थोडा फरक पडतो, कारण चाकण, शिरवळच्या कारखान्यांत भंगाराच्या गाडीतून तांबं जातं तेव्हा पहिली विचारपूस हाच माणूस करतो. माझं मत विचाराल तर सुरक्षा म्हणजे एसटी स्टँडवरचा बाक. दुसरी गाडी येईपर्यंत बसायला चांगला. पेन्शन चालू आहे, घराजवळ काम हवंय आणि डोक्याला ताप नकोय, अशा माणसाला तो बाकही पुरतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तपास

आता मी जिथं रमलो त्याबद्दल. थोडा पक्षपात होणार, ते गृहीत धरा.

आयुर्विम्यात कलम ४५ नावाचं प्रकरण आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षं उलटली की कंपनीला कुठल्याही कारणानं ती नाकारता येत नाही. साहजिकच तीन वर्षांच्या आत माणूस गेला की दावा तपासाला निघतो. आजार लपवला होता का, माणूस खरंच कधी गेला, पॉलिसी काढताना तो जिवंत तरी होता का? हे शोधायला कंपन्या बाहेरचे तपासनीस नेमतात. केसमागे ठरलेली फी, पेट्रोल बहुधा त्यातच. महिना सारखा जात नाही. मार्चच्या आसपास झोपायला वेळ नसतो आणि एखाद्या महिन्यात फोनच वाजत नाही. पेन्शनचा आधार नसेल तर या वाटेला जाऊ नये.

माझी पहिली केस मी घालवलीच होती. आठ महिन्यांची पॉलिसी, बेचाळिशीतला शेतकरी, मृत्यूचं कारण फुफ्फुसाचा आजार. मी मोटारसायकल लावून थेट अंगणात गेलो आणि युनिटमध्ये विचारायचो तसं विचारलं: नाव, वय, नवरा कधीपासून आजारी, कोणत्या डॉक्टरकडं, तारीख सांगा. ती बाई आत गेली ती बाहेर आलीच नाही. दीर ओट्यावर बसला होता. माझ्या चकाकत्या बुटांकडं बघत म्हणाला, "पोलीस हायसा का?" नाही म्हणावं लागलं. "मग आमी का सांगावं?"

बरोबरच होतं त्याचं. तोवर मला कोणी असं विचारलंच नव्हतं. आत कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढं बोलावल्यावर यावंच लागतं. इथं समोरचा उठून गेला तर तुम्ही ओट्यावर एकटे. अटक नाही, झडती नाही, समन्स नाही. माझा अहवाल सहीविना परत आला.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा चप्पल घालून गेलो, आणि घरी आधी गेलोच नाही. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद पाहिली. नोंद २१ दिवसांच्या आतली होती, म्हणजे मागाहून जुळवलेली वाटत नव्हती. पोलीस पाटलांकडं चहा झाला, आशाताईंना भेटलो. मग घरी. या वेळी बाई बोलल्या, आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर काढून दिला. पहिली तपासणी पॉलिसीनंतर पाच महिन्यांनी झालेली. त्याआधी खोकल्याची गोळीसुद्धा कुठं लिहिलेली नव्हती. दावा खरा होता, तसं लिहून दिलं आणि पैसे मिळाले. खोटं पकडलं तरच तपास झाला असं समजणारा माणूस या धंद्यात नको. घरचे रडत असतात आणि आपण तारखा विचारत असतो, हे विसरायचं नाही.

बँकांच्या फसवणूक-तपासात काम जास्त टेबलावरचं आहे. संगणक आला पाहिजे, इंग्रजीत अहवाल लिहिता आला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, तेव्हा व्हॉट्सअॅपचा मेसेज किंवा सीसीटीव्हीचं चित्रण दाखल करायचं तर कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आर्मी अॅक्ट आणि आर्मी रूल्स पाठ असलेल्या माणसाला हे नव्यानं शिकावं लागतं. सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर ही जगभर चालणारी परीक्षा मोठ्या कंपन्यांत उपयोगी पडते, पण फी आणि अभ्यास दोन्ही भारी. शहरात राहायची तयारी असेल तरच.

डिटेक्टिव्ह एजन्सीबद्दल दोनच वाक्यं. २००७ साली नियमनाचं विधेयक आलं, कायदा काही झाला नाही. लग्नाआधीच्या चौकशा आणि नवऱ्याच्या मागावर फिरणं, हे मला जमलं नसतं.

आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसलेली एक जागा म्हणजे कारखान्यातली खातेनिहाय चौकशी. आरोपपत्र, साक्षी, उलटतपासणी, कामगाराला बाजू मांडायची संधी. आर्मी रूल १८० माहीत असलेल्याला, म्हणजे ज्याच्या अब्रूवर येतंय त्याला चौकशीत पूर्ण वेळ हजर राहू द्यायचं हे अंगवळणी पडलेल्याला, ही पद्धत परकी वाटत नाही. चौकशी अधिकारी बहुधा वकीलच नेमतात, म्हणून पुढचा मुद्दा.

काळा कोट

मेहनत सर्वांत जास्त, पण हुकूम आणि शोध यांचा अर्धा-अर्धा वाटा परत मिळतो तो इथंच. तीन वर्षांच्या एलएलबीला खरी पदवी लागते, १५ वर्षांच्या सेवेवरची समकक्षता तिथं चालत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरीत असतानाच पदवी करता येते, पण बारावी न करता थेट पदवी घेतली असेल तर बार कौन्सिलचा नियम आडवा येतो. सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, पेन्शनला मात्र बाध नाही. मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं पीठ आहे. अपंगत्व पेन्शनच्या फायली घेऊन तिथं येणाऱ्या माणसाला मेडिकल बोर्डाचा कागद वाचता येणारा वकील मिळाला तर त्याचं अर्धं ओझं उतरतं.

अग्निवीरांचा हिशेब निराळा आहे. २०२१ मध्ये बेंगळुरूच्या आमच्या सेंटरमधून महिला मिलिटरी पोलिसांची ८३ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा त्या नियमित सेवेत होत्या. २०२२ नंतर अग्निवीर म्हणून आलेल्या मुली-मुलांना चार वर्षांनी बाहेर पडताना पेन्शन नाही आणि वर सांगितलेला माजी सैनिकांचा कोटाही नाही. हातात सेवानिधी आणि वय तेवीस-चोवीस. त्यांनी गेटकडं बघूही नये. पोलीस भरती, निमलष्करी दलं नाहीतर सरळ पदवी आणि कायदा. चाळिशीतल्या माणसाकडं नसलेला वेळ त्यांच्याकडं आहे.

हवालदाराला मी हे सगळं एका दमात सांगितलं नाही, तीन-चार रविवार गेले. त्यानं बँकेचा अर्ज भरलाय, सोबतची यादीही नीट केलीय. निकाल लागेपर्यंत एका विमा कंपनीच्या केसेसवर माझ्याबरोबर फिरणार आहे. काल परत फोन आला.

"उस्ताद, पहिल्या दिवशी घालू काय?"

"साधा शर्ट. आणि बुटांना पॉलिश मारू नकोस."