सार्वजनिक वाहतुकीची सरकारी आकडेवारी: किती भरवशाची, किती कामाची?

एकाच सेवेचा वर्षानुवर्षांचा कल पाहायला ही आकडेवारी चांगली. दोन शहरांची तुलना करायला बेताची. आणि थांब्यावर ताटकळणाऱ्या माणसाचे हाल सांगायला फारच तोकडी. तक्ता उघडण्याआधी टीपा वाचायची सवय असेल, तर मात्र तिच्यातून बरंच काही हाती लागतं.

प्रवासीसंख्येपासून सुरुवात करू. बहुतेक ठिकाणी माणसं मोजत नाहीत, चढणं मोजतात. बस, मेट्रो, पुन्हा बस असं केलं की एका माणसाचे ३ प्रवासी होतात. अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्झिट डेटाबेसमध्ये ही व्याख्या स्पष्ट दिलेली आहे, शिवाय प्रवासी-मैल (सगळ्या प्रवाशांनी मिळून कापलेलं अंतर) आणि गाडी-तासही (गाड्या सेवेत असलेले एकूण तास) मिळतात. त्यामुळे तो संच उजवा वाटतो. व्याख्याच दिली नसेल तर फसगत ठरलेली. थेट बस बंद करून लोकांना मेट्रो स्टेशनवर उतरवलं, की एकही नवा प्रवासी न येता आकडा फुगतो.

पासधारकांचं गणित आणखी अवघड. पास यंत्राला टेकवावा लागत नसेल, तर विकलेल्या पासांना महिन्याच्या ठरावीक फेऱ्यांनी गुणतात. हा गुणक कोणत्या वर्षीच्या पाहणीतून आला ते सांगितलेलं नसेल, तर दोन-चार टक्क्यांच्या चढउताराला काही अर्थ देऊ नये. दारावरच्या सेन्सरची मोजणी त्यापेक्षा बरी, पण खच्चून गर्दीत तेही चुकतात. फेरीअखेर चढलेले आणि उतरलेले जुळले का, नाही जुळले तर दुरुस्ती कशी केली, हे अहवालात असायलाच हवं.

वक्तशीरपणाच्या टक्केवारीत तर व्याख्येवरच सगळा खेळ. गाडी ४ मिनिटं उशिरा आली असं धरा. जर्मन रेल्वेच्या हिशेबात ती वेळेवर, कारण तिथली मर्यादा ६ मिनिटांच्या आतली. स्वित्झर्लंडमध्ये ती उशिरा, कारण तिथे ३ मिनिटांच्या आत पोचावं लागतं. ब्रिटनमध्ये जुनं मोजमाप फक्त शेवटच्या स्टेशनावर, ५ मिनिटांच्या सवलतीने होत असे, लांब पल्ल्याला १० मिनिटं. नवं ‘ऑन टाइम’ मोजमाप नोंद होणाऱ्या प्रत्येक थांब्यावर एका मिनिटाच्या आतली गाडीच वेळेवर धरते. रद्द गाड्यांचं काय, हेही तपासा. जर्मनीच्या टक्केवारीत त्या धरतच नाहीत, म्हणजे खूप रखडलेली गाडी रद्द केली की टक्केवारी सुधारते!

दर १० मिनिटांनी येणाऱ्या बसला वक्तशीरपणा लावणंच चूक, कारण तिथे कोणी वेळापत्रक पाहून निघत नाही. तासाला ६ बस सारख्या अंतराने आल्या तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. त्याच ६ बस जोडीजोडीने आल्या, म्हणजे मध्ये १८ मिनिटं, मग २, पुन्हा १८, तर? लांब अंतरात जास्त माणसं येऊन थांबतात, म्हणून सरासरी अशी काढतात: अंतरांच्या वर्गांची बेरीज (३२४ + ४ = ३२८) भागिले अंतरांच्या बेरजेची दुप्पट (४०), म्हणजे ८.२ मिनिटं. फेऱ्या तेवढ्याच, किलोमीटर तेवढेच, अहवालात सेवा १०० टक्के. प्रवाशाचा मात्र दर खेपेला ३.२ मिनिटांचा तोटा. लंडनच्या बससेवेत हा ‘जादा प्रतीक्षाकाळ’ मोजून जाहीर करतात. प्रवाशाच्या बाजूने विचार करणारा इतका नेमका आकडा दुसरा नाही, आणि बस थांब्यावर आल्याची वेळ नोंदवणारी जीपीएस यंत्रणा जिथे आहे तिथे तो काढता येतो. तरी बहुतेक खाती तो देत नाहीत, हा या आकडेवारीतला सर्वांत मोठा दोष.

थांबा किती लोकांच्या जवळ आहे, याचाही आकडा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ११.२.१ हा निर्देशांक बससारख्या सेवेचा थांबा ५०० मीटरच्या आत, रेल्वे-मेट्रोसारख्या सेवेचा १ किलोमीटरच्या आत असलेली लोकसंख्या मोजतो. अंतर सरळ रेषेत धरलं की रस्त्याने, ते आधी बघा; मध्ये नाला किंवा रेल्वेमार्ग असेल तर फरक मोठा पडतो. शिवाय दिवसातून दोनच बस येणारा थांबाही यात चालून जातो, म्हणून फेऱ्यांची संख्या वेगळी जोडून घ्यावी.

फाइलींबद्दल थोडंसं. पीडीएफमधले तक्ते जवळजवळ निरुपयोगी; सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये थेट उघडणारी साधी फाइल) मागा. सुधारित आकडे अनेकदा गाजावाजा न करता जुन्याच फाइलच्या जागी ठेवले जातात, तेव्हा उतरवून घेतलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात तारीख घाला आणि जुनी प्रत पुसू नका.