इंचकॅलॉक बेटावर वरची वाट धरावी की खालची?

स्कॉटलंडमधल्या लॉक लोमंड सरोवरात इंचकॅलॉक नावाचं छोटं बेट आहे. बाल्माहा गावातून होडीने काही मिनिटांत पोहोचता येतं. उत्तरेच्या धक्क्यावरून दक्षिणेच्या पोर्ट बॉन किनाऱ्यापर्यंत दोन वाटा जातात.

वरची वाट माथ्यावर नेते. उंची जेमतेम ८५ मीटर, पण पायऱ्या दम काढतात. तरी माथ्यावरून जे दिसतं त्याला तोड नाही. स्कॉटलंडचा सखल प्रदेश आणि डोंगराळ हायलँड्स यांना विभागणारा भूस्तरभंग, म्हणजे जमिनीतल्या खडकांना गेलेली मोठी भेग, याच बेटातून जातो. एका बाजूला कॉनिक हिल ही टेकडी, दुसरीकडे सरोवरातली बेटं, सगळी त्याच रेषेत! भूगोलाच्या पुस्तकातली आकृती समोर अंथरल्यासारखी वाटते. पायाखालचा खडकही नीट बघा: गोलसर गोटे एकमेकांत घट्ट रुतलेले, म्हणजे पिंडाश्म.

खालची वाट सोपी, सावलीची. तिथे ओकचं जंगल आहे. कातडी कमावायला झाडाची साल लागायची, म्हणून हे ओक पूर्वी ठरावीक वर्षांनी बुंध्यापासून तोडत. त्यामुळे एकाच बुडातून दोन-तीन खोडं फुटलेली झाडं आजही ओळखू येतात. जवळच जुन्या चर्चचे अवशेष आणि दफनभूमी आहे. तिथे १९४७ पर्यंत दफन होत असे.

गुडघे कुरकुरत असतील किंवा लहान मुलं सोबत असतील, तर खालचीच वाट बरी. एरवी मी वरचीच सुचवेन. मे महिन्यात मात्र माझं मत बदलतं: ओकखाली निळ्या ब्लूबेल फुलांचा सडा पडलेला असतो, तेव्हा खालच्या वाटेवर रेंगाळावं. वेळ असेल तर एकीने जाऊन दुसरीने परता.