मॅजिकमिररचं मॉड्यूल लिहायचंय? आधी लॅपटॉपवर मांडा (चार महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू)

आरसा, फ्रेम, सुतारकाम यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. पण स्वतःचं मॉड्यूल लिहायला बसायचं तर टेबलावर नक्की काय काय मांडायचं यावर मराठीत मला तरी काही सापडलं नाही, म्हणून हा रिव्ह्यू आरशाचा कमी आणि कोडिंगच्या सेटअपचा जास्त आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅजिकमिरर म्हणजे आरशामागे स्क्रीन लावून आरशावरच माहिती दाखवायचा ओपन सोर्स प्रोजेक्ट, नेदरलँड्सच्या एका डेव्हलपरने २०१४ ला सुरू केला आणि २०१६ ला दुसरं व्हर्जन आलं तेव्हापासून सगळं मॉड्यूलवर, म्हणजे एकेक माहिती दाखवणाऱ्या छोट्या सुट्या प्रोग्रॅमवर, चालतं. आत नोड जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि इलेक्ट्रॉन (वेबपेज ॲपसारखं उघडणारं) आहे, म्हणजे आरशामागच्या स्क्रीनवर खरं तर फुलस्क्रीन वेबपेज चालू असतं, काळ्या बॅकग्राउंडवर पांढरी अक्षरं. काळं असेल तिथून प्रकाश येत नाही म्हणून तिथे आरसा दिसतो आणि अक्षरं तेवढी काचेतून वर येतात. घड्याळ, कॅलेंडर, हवामान, बातम्या सोबतच मिळतात, फुकट. जावास्क्रिप्ट थोडीफार येत असेल तर बाकीचं आपण लिहू शकतो, आणि हीच याची खरी मजा आहे.

आम्ही गोव्यातल्या चोडणचे. बाबांचं खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत, शेत आहे आणि मानशीकडे (बांधातल्या पाण्याच्या दारांकडे) रोजचं जाणं-येणं. मानशीची दारं पाण्याच्या जोरानेच उघडतात-मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं आणि भरतीला दार आपोआप लागतं, त्यामुळे घरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे आज ओहोटी किती वाजता. ती वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते म्हणून पाठ करूनही उपयोग नसतो. मला दाराजवळच्या आरशावर पुढची भरती, पुढची ओहोटी आणि खाली तिथी हवी होती, आणि तीही मराठीत, कारण बघणार आई आणि बाबा.

सुरुवात मी चुकीच्या जागी केली. रास्पबेरी पाय ४ (हा सगळा प्रोजेक्ट चालवणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय') आरशामागे लागलेलाच होता, तेव्हा एसएसएच करून (म्हणजे नेटवर्कवरून त्यात शिरून) नॅनो या साध्या एडिटरमध्ये थेट त्याच्यावरच कोड लिहायला लागलो. एक ओळ बदलायची, रीस्टार्ट करायचं, अर्धा मिनिट थांबायचं, उठून दारापर्यंत जाऊन बघायचं, परत येऊन बसायचं. मग लॅपटॉपवरचा व्हीएस कोड हा एडिटर रिमोटने पायला जोडला, पण माझा पाय २ जीबीचा, त्यावर इलेक्ट्रॉन आणि व्हीएस कोडचा सर्व्हर दोन्ही एकदम चालवले की कर्सर अडखळायला लागायचा. आणि जूनमध्ये एका संध्याकाळी वीज तीन वेळा गेली आणि आली, तिसऱ्या वेळी पाय बूटच झाला नाही. पायच्या मेमरी कार्डवर लिहिणं चालू असताना वीज गेली की फाईल सिस्टिम बिघडू शकते हे मी वाचलेलं होतं, तरी गिटवर (कोडच्या आवृत्त्या जपून ठेवणारं टूल) काही टाकलं नव्हतं. तीन आठवड्यांचं काम गेलं. त्या रात्री खूप वाईट वाटलं, बाबांना सांगायलाही दोन दिवस लावले.

त्यानंतर सगळं लॅपटॉपवर आणलं, आणि पाच स्टार मी या भागाला देतो. साधा ८ जीबीचा विंडोज लॅपटॉप. नोडचं एलटीएस (जास्त काळ सपोर्ट असलेलं) व्हर्जन, गिट आणि व्हीएस कोड एवढं टाकलं, मॅजिकमिररचा रेपो क्लोन केला (म्हणजे सगळा कोड उतरवून घेतला), इन्स्टॉलची कमांड दिली, नमुन्याच्या कॉन्फिगची (सेटिंग्जच्या फाईलची) कॉपी करून स्वतःची कॉन्फिग बनवली आणि 'एनपीएम रन सर्व्हर' केलं. हा सर्व्हर मोड इलेक्ट्रॉनची विंडो उघडतच नाही, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८०८० उघडा की आरसा समोर. पाय नको, काच नको, मॉनिटर नको. एफ१२ दाबलं की ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडतात आणि एरर, नेटवर्क, सीएसएस सगळं तिथल्या तिथे दिसतं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्या, माझे दोन दिवस यात गेलेत. मॉड्यूलचे दोन भाग असतात. मुख्य फाईल ब्राउझरमध्ये चालते, ती बदलली तर पेज रिफ्रेश पुरतो. दुसरा भाग म्हणजे नोड हेल्पर, तो सर्व्हरवर चालतो, तो बदलला तर सर्व्हर बंद करून परत चालू करावाच लागतो, नाहीतर जुनाच कोड चालत राहतो आणि आपण नवीन कोडमध्ये चूक शोधत बसतो. दोघं एकमेकांशी सॉकेट नोटिफिकेशनने बोलतात. बाहेरून डेटा आणायचा असेल, फाईल वाचायची असेल तर ते काम हेल्परकडे द्या, ब्राउझरमधून थेट मागायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी कॉर्सची (दुसऱ्या साईटचा डेटा ब्राउझर अडवतो ती) एरर येते. आणि कॉन्फिगमध्ये एखादा कॉमा राहिला तर कॉन्फिग चेकची कमांड ओळ नंबरसकट सांगते, ती सवयीने चालवा.

अजून एक आवडलेलं म्हणजे मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये आपलं मॉड्यूल स्वतंत्र गिट रेपो म्हणून ठेवता येतं, मुख्य प्रोजेक्टचं गिट त्याला हात लावत नाही. लॅपटॉपवरून पुश (कोड वर पाठवणं), पायवर पुल (तो उतरवून घेणं), संपलं.

आता मराठीचं, कारण यावर कुठेच काही लिहिलेलं मिळालं नाही. भरतीचा डेटा मी मुरगावच्या छापील टाईड टेबलवरून एका जेसन (साध्या मजकुरात डेटा ठेवणाऱ्या) फाईलमध्ये हाताने भरला. मांडवीत आत चोडणपर्यंत भरती मुरगावपेक्षा उशिरा पोचते, म्हणून कॉन्फिगमध्ये 'उशीर' असा मिनिटांचा एक आकडा ठेवला आणि तो आकडा बाबांनी मानशीवर चार दिवस घड्याळ घेऊन उभं राहून काढून दिला. वेळेसाठी मोमेंट लायब्ररी मॅजिकमिररबरोबरच येते आणि तिचं लोकेल (भाषेचं सेटिंग) मराठी केलं की आकडे आपोआप देवनागरीत येतात, बघून फार आनंद झाला. पण उशीर मिळवल्यावर स्क्रीनवर वेळेच्या जागी 'नॅन' (नॉट अ नंबर, म्हणजे हा आकडा नाही) यायला लागलं. झालं असं की मी वेळ आधी फॉरमॅट करत होतो आणि मग त्या '०५' मधून मिनिटं काढत होतो, आणि अक्षरांतून आकडा काढणाऱ्या जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला देवनागरी पाच हा आकडाच वाटत नाही. तेव्हा बेरीज-वजाबाकी सगळी आधी करा आणि मराठी फॉरमॅटिंग अगदी शेवटच्या ओळीत.

दुसरं, लॅपटॉपवर सगळं सुंदर दिसलं आणि पायवर पुल केल्यावर तिथीच्या जागी नुसते चौकोन. मॅजिकमिररच्या रोबोटो फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, विंडोज स्वतःचा देवनागरी फॉन्ट लावून वेळ मारून नेतो पण माझ्या पायवर तसा एकही फॉन्ट नव्हता. लोहित किंवा नोटो या देवनागरी फॉन्टचं पॅकेज टाकलं की चौकोन जातात. पण रोबोटोची अक्षरं बारीक आणि शेजारी देवनागरी जाड, ते डोळ्याला खुपत होतं, म्हणून 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट घेतला. तो एक्स्ट्रा लाईटपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत सात वजनात (जाडीत) मिळतो आणि सीएसएसमध्ये लोकल फाईलवरून लावला. लाईन हाईट थोडी वाढवा, नाहीतर 'ओहोटी'ची वेलांटी वरून कापली जाते. आता 'त्रयोदशी' इतकं स्वच्छ दिसतं की आई चष्मा न लावता वाचते.

तिसरं रंगाचं. मॅजिकमिररमध्ये मंद, साधा आणि उजळ असे तीन रंग आधीच ठरवलेले आहेत. मंद करडा लॅपटॉपवर छान दिसतो पण आमचा आरसा बाल्कनीच्या समोर आहे, सकाळी दहाच्या उजेडात काचेमागे त्यातलं काहीच दिसत नाही. महत्त्वाचं असेल ते उजळच ठेवा. म्हणजे शेवटचा निकाल काचेवरच लागतो, पण काचेपर्यंत जायचं ते शेवटी.

कमी काय आहे तर बाहेरच्या लोकांनी लिहिलेली बरीच मॉड्यूल्स वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली असतात, इन्स्टॉल करायच्या आधी शेवटचा कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) कधीचा ते बघा. नवीन व्हर्जन दर तीन महिन्यांनी येतं, त्यामुळे अपडेट आधी लॅपटॉपवर चालवून बघायचं आणि मगच पायवर न्यायचं, हा आता घरातला नियम आहे. डॉक्युमेंटेशन ठीक आहे, पण माझ्यासारख्या वेब बाजूने न आलेल्या माणसाला हेल्परचा भाग दोनदा वाचावा लागतो. पायच्या ॲडॉप्टरवर पैसे वाचवू नका, पाय ४ साठी ५ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडॉप्टर वापरायला सांगितलेलं आहे.

लॅपटॉप सेटअपला पाच, थेट पायवर कोडिंग करायला दोन, पूर्ण प्रोजेक्टला साडेचार. मॉड्यूल आता चालू आहे आणि कोड गिटवर आहे. पायच्या कॉन्फिगमधला ओव्हरले फाईल सिस्टिमचा पर्याय चालू करायचा राहिलाय, त्याने कार्डवर लिहिणंच बंद होतं, ते काम हा पाऊस संपायच्या आत करणार. गणपतीच्या चवथीला काका-काकी येतील तेव्हा त्यांच्या हळदोण्याच्या मानशीचा 'उशीर' काढून दुसरी ओळ टाकायचीय.