पॉटवरचा आकडा मला वाचता येत होता

आधीच सांगतो, मी नवशिक्या नाही. अकरा वर्षं बेस, म्हणजे चार तारांची बेस गिटार, वाजवतोय, म्हणून तर जास्त लाज वाटते.

माझा बेस फेंडर कंपनीच्या १९६२ च्या ‘जॅझ बेस’ मॉडेलच्या धाटणीचा, पण नव्याने बनवलेला. वाजायला उत्तम. पण हौस! आतला माल त्या काळातला हवा, वर नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे ‘नायट्रो’ हे जुन्या पद्धतीचं पॉलिश, हवं. एका कारागिराने ‘बासष्टच्या बेसमधून काढलेला अख्खा संच’ दाखवला: दोन पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबकी भाग), पॉट (आवाजाच्या बटणाखालचा फिरता भाग), कापडी वेष्टनाची वायर. आगाऊ ३८,०००. मग वायरिंगचे ९,५००. मग लॅकरच्या जादा थरांचे ६,७५०. एकूण ५४,२५०, शिवाय माझे जुने पिकअप त्याने ‘बदल्यात’ ठेवून घेतले.

त्याने पाठवलेल्या फोटोत पॉटच्या पाठीवर १३७६६३१ असा शिक्का स्पष्ट दिसत होता. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६, ३१ म्हणजे आठवडा. हे मी इतरांना शिकवलंय हो! बासष्टच्या बेसात सहासष्टचा पॉट कसा? विचारलं, तर म्हणे मधे कुणीतरी बदलला असेल. आणि याच माणसाने आदल्या दिवशी लिहिलं होतं, ‘सोल्डर कारखान्यातलंच, कुणी हात लावलेला नाही.’ दोन्ही मेसेज एकाच स्क्रीनवर, एकाखाली एक. मी अंगठ्याचा इमोजी टाकला आणि पैसे पाठवले.

बेस परत देताना म्हणाला, ‘लॅकर मुरतंय, महिनाभर स्क्रू खोलू नका.’ नायट्रो मुरायला आठवडे लागतात हे खरंच आहे, कुणीही विश्वास ठेवला असता. चौतिसाव्या दिवशी खोललं. जुन्या पिकअपमध्ये तारांखालचे छोटे खांबच अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात. इथे खांब नुसते लोखंडी आणि खाली सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवले की गुणगुण जायला हवी, ती तशीच. पिकअपखालच्या खाचेत लॅकरवर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला. नायट्रो विरघळलं असतं, हे ढिम्म. ही चाचणी पैसे देण्याआधी करा, माझ्यासारखी नंतर नाही.

जिथे व्यवहार झाला तिथे तक्रारीची मुदत ३० दिवस. त्याचा ‘महिनाभर’ कशासाठी होता ते तेव्हा कळलं. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांकडे तीनदा गेलो. ‘गिटार परत मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ आणि दुसरे साहेब कौतुकाने, ‘चारच तारा? दोन तुटल्या का?’ अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. कारागिराला मात्र माझा नंबर ब्लॉक करायला एक मिनिट लागलं नाही.

पिकअप उलटा करून फोटो मागा. नेक प्लेटवरच्या (मान जिथे जोडलेली असते तिथल्या पट्टीवरच्या) नंबराला भुलू नका, चार स्क्रूंची ती पट्टी कुठेही बसते. वाद्य देण्याआधी आतले फोटो काढून ठेवा. माझ्याकडे एकही नाही.

एवढंच आठवतंय, माझ्या ब्रिजकडच्या पिकअपच्या खालच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. कुणी तो ‘बासष्टचा’ म्हणून विकताना दिसला तर कळवा.