मिसूरी ब्रेक्समध्ये मेंढ्याची शिकार: कनू की जेट बोट?

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मिसूरी नदीकाठी कडे आणि घळींचा मिसूरी ब्रेक्स नावाचा भाग आहे. तिथल्या बिगहॉर्नच्या, म्हणजे मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्याच्या, शिकारीचा परवाना सोडतीत लागला की बंदूक, काडतुसं, दुर्बीण यांवर भरपूर बोललं जातं. बोट मात्र मित्राकडे जी असेल ती ठरते. मला हे उलटं वाटतं. या भागातली माती बेंटोनाइटची, म्हणजे एका प्रकारच्या चिकणमातीची आहे. स्थानिक लोक तिला गंबो म्हणतात. पाऊस पडला की ती ओल्या शाडूसारखी चिकटते, मडगार्डमध्ये भरत जाते आणि शेवटी चाक फिरेनासं होतं. रस्ता वाळेपर्यंत गाडी तिथेच. म्हणून शिकार नदीवरूनच करायची, आणि कोणत्या बोटीतून हा प्रश्न बंदुकीच्या आधी सोडवायचा.

राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी बोट, मी आधीच बाजूला ठेवतो. आयडाहोतल्या सॅमन नदीवर मोठे खळाळ आहेत, तिथे ती हवीच. मिसूरीच्या या टप्प्यात तसे खळाळ नाहीत, वारा मात्र आहे, आणि समोरून वारा आला की फुगीर राफ्ट वल्ही मारून पुढे सरकत नाही. उरतात दोन पर्याय: १७ फुटी, दोन माणसांची कनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद उघडी होडी, किंवा १८ फुटांच्या आसपासची सपाट तळाची ॲल्युमिनियम बोट, मागे जेटचं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे पंख्याऐवजी पंपाने पाणी मागे फेकून बोट ढकलणारं.

जेट बोटीची मोठी बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर मोठी आहे. तिच्यातून प्रवाहाविरुद्ध परत जाता येतं. बोट पाण्यात घालायची जागा जुडिथ लँडिंग, तिथपासून प्रवाहाच्या खाली बाहेर काढायच्या जागेपर्यंत, म्हणजे किपपर्यंत, ६१ मैल, म्हणजे सुमारे ९८ किलोमीटर नदी आहे. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पहिल्या दिवशी सोडून दिलेला मेंढाच सगळ्यांत चांगला होता, तर जेट बोटवाला दुपारपर्यंत त्याच घळीखाली असतो. कनूवाल्याला तो मेंढा विसरावा लागतो. मोंटानात एकदा हा परवाना लागला की पुढची सात वर्षं या जनावरासाठी अर्जच करता येत नाही, तेव्हा ही गोष्ट हलकी नाही. शिवाय मुक्काम एकाच जागी ठेवता येतो आणि रोज सकाळी हवं तिकडे जाता येतं.

तरीही माझं मत कनूकडे फिरलं ते एका त्रासामुळे: पंपात जाणारे खडे.

जेट बोट उथळ पाण्यात चालते हे खरं, पण ते वेगात असताना. पाण्यावर उचलली गेली की वीतभर पाण्यावरूनही ती निघून जाते. किनाऱ्यावरून निघताना मात्र ती पूर्ण वजनाने पाण्यात बसलेली असते, आणि पंपाचं तोंड नदीच्या तळापासून जेमतेम हाताच्या बोटाएवढं वर. तेवढ्यात इंजिनाला जोर दिला की पंप वाळू, खडे, शेवाळ सगळं ओढतो. जाळीच्या पट्ट्यांमध्ये खडे अडकतात, जोर जातो, इंजिनाचा आवाज चढतो आणि बोट हलत नाही. गार ठेवणारं पाणीही त्याच पंपातून येत असल्यामुळे इंजिन तापायला लागतं. मग इंजिन बंद करायचं, वर उचलायचं आणि गार पाण्यात हात घालून पेचकसाने एकेक खडा काढायचा. तोवर बोट वाहत पुढच्या वाळूच्या दांड्यावर जाऊन बसते. शरद ऋतूत नदी उतरलेली असते, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा होतं. वाळूने पंपाच्या पात्यांच्या कडा झिजतात, आणि झिजलेला पंप भरलेली बोट उचलू शकत नाही. जेटमुळे इंजिनाची साधारण ३० टक्के ताकद आधीच गेलेली असते. त्यात १०० लिटर पेट्रोल, म्हणजे जवळजवळ ७५ किलो, सोबत न्यावं लागतं, कारण मधल्या टप्प्यात पेट्रोल पंप नाही. नेमकी मेंढ्याचं मांस चढवल्यावर बोट उचलत नाही असं होतं.

ज्यांना जेट बोटच घ्यायची आहे त्यांनी निदान इतकं पाळावं. मांडीभर पाणी येईपर्यंत बांबूने किंवा वल्ह्याने ढकलत न्या, मगच इंजिन सुरू करा. वजन पुढे सरकवा. मुक्काम खोल काठाशी करा, वाळूच्या पट्टीवर नको.

कनूचं गणित साधं आहे. दोन माणसं कपड्यांसकट १६० ते १७० किलो, सामान आणि शिधा ७० किलो. नदीचं पाणी गढूळ, शेतांतून आलेलं, म्हणून पिण्याचं पाणी घरून: माणशी रोज ४ लिटर धरलं तर पाच दिवसांचे ४० किलो. मोठ्या मेंढ्याचं हाडं काढलेलं मांस ३०–४० किलो आणि शिंगं, कवटी, मानेचं कातडं मिळून आणखी २० धरा. पाणी संपत जातं तशी मांसाला जागा होते. बाजूची कड पाण्यावर निदान १५ सेंटिमीटर राहायला हवी. कमी राहिली तर वाऱ्याच्या लाटा आत येतात. मांस कापडी पिशव्यांत घालून मधोमध ठेवा, खाली फांद्यांचा थर द्या म्हणजे तळातलं पाणी लागत नाही. प्लॅस्टिकमध्ये मात्र गुंडाळू नका, सप्टेंबरच्या उन्हात ते आंबतं.

परत फिरता येत नाही, ही उणीव भरून काढायला एकच उपाय मला पटतो: वाकण नीट पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. समोरच्या काठावर उतरा, तिपाईवर दुर्बीण लावा आणि उन्हाची तिरीप बदलेपर्यंत बसा. चालत्या कनूतून फक्त अंदाज येतो. दिवसा वारा नदीकडून कड्यांकडे चढतो, म्हणून मेंढ्यांच्या थेट खाली उतरलात तर तुमचा वास वर जातो. समोरचा काठ यासाठीही बरा. पण परवाना एकाच विभागाचा असतो आणि नदी बऱ्याच ठिकाणी हद्द असते. पाहिलेला मेंढा कोणत्या तीरावर आहे ते नकाशावर ताडून बघा. एक-दोन किलोमीटर मागे जायचंच असेल तर कनू दोराने काठावरून ओढत नेता येते. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कची माणसं १८०५च्या मे महिन्यात याच टप्प्यातून अशाच दोरांनी वर गेली, आणि २५ तारखेला त्यांनी इथे बिगहॉर्न मारले. तो मूळ कळप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपला. आजची मेंढरं नंतर आणून सोडलेल्यांची वंशज आहेत.

आवाजाबद्दल मी ठाम बोलणार नाही. काही मेंढे बोटीकडे ढुंकूनही बघत नाहीत. तरी कनू खालून गेल्यावर कळप बसलेलाच राहिला आणि इंजिन घुमल्यावर उठून कड्याआड गेला, असं माझ्या पाहण्यात जास्त वेळा आलं आहे.

नोव्हेंबरच्या मध्यानंतर मात्र मी कनू सुचवणार नाही. काठाला बर्फ धरतं, उतरणं-चढणं धोक्याचं होतं, आणि माजावर आलेले मेंढे माद्यांच्या मागे लांब फिरत असल्यामुळे रोज मोठा टप्पा बघावा लागतो. गुडघे कुरकुरत असतील किंवा परवाना किपजवळच्याच भागाचा असेल, तरी जेट बोट घ्या. उन्हाळ्यातली पाहणी जेट बोटीने करण्याचा बेत असेल तर मोटरवरची बंधनं आधी वाचा. ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लागू असतात.

बाकी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोघं असाल तर कनूच. गाडी आधी किपला लावून ठेवा. तिथे १९१ क्रमांकाचा डांबरी रस्ता आहे. जुडिथ लँडिंगकडचा रस्ता कच्चा आहे, तेव्हा तिथे कोरड्या दिवशी कुणाला तरी सोडायला सांगा आणि पाऊस दिसत असेल तर निघणं एक दिवस आधी उरका.