कामेन रायडर की अल्ट्रामॅन: आधीच्या नायकाचं पुढे काय होतं?

पॉवर रेंजर्स बघत मोठे झालेले बरेच जण आता कामेन रायडर आणि अल्ट्रामॅन या जपानी सूटधारी नायकांच्या मालिकांकडे वळतात आणि सुरुवात कुठून करायची यावरच अडतात. सूट, राक्षस, मारामाऱ्या दोन्हीकडे आहेत, ते सोडून देऊ. मला विचाराल तर निवड एकाच गोष्टीवर करावी: एक मालिका संपून पुढची सुरू झाली की आधीच्या माणसांचं काय होतं?

मी आधी रायडरच्या वाटेने गेलो. 2000 च्या 'कूगा' या मालिकेपासून पुढे जवळपास प्रत्येक रायडरची चूल वेगळी आहे. 2001 च्या अगितोमधलं पोलिसांचं जी-3 चिलखत कूगावरून बेतलेलं आहे, पण असे धागे विरळाच. याचा मोठा फायदा म्हणजे मागचा अभ्यास लागत नाही. 2009 ची 'डब्ल्यू' घ्या: फूतो नावाचं शहर, दोन मित्रांची एक गुप्तहेर कचेरी, 49 भाग, आणि गोष्ट पूर्ण. वेळ बेताचा असेल तर आजही मी हीच सुचवेन.

माझं बिनसलं ते वर्धापनाच्या मालिकांशी, म्हणजे जुन्या रायडरांना परत आणणाऱ्या मालिकांशी. 2013 ची गाइम मी रोज रात्री जेवणं आटोपल्यावर एक भाग अशी पाहिली. शेवटाकडे नायक कौता आणि त्याचा प्रतिस्पर्धी काइतो समोरासमोर येतात. काइतो मरतो, आणि जिंकलेला कौता रडत असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे 2018 ची वर्धापनाची झि-ओ लावली, तर काइतो जिवंत! झि-ओमध्ये एकेका रायडरचा इतिहासच पुसला जातो. गाइम झालाच नाही म्हटल्यावर काइतो तरी कसा मरेल? तर्क चोख आहे, आणि जुने कलाकार परत आलेले पाहून अनेकांना आनंदही झाला असेल. माझ्या मनात मात्र आधीच्या 47 भागांचं वजन उतरलं. डिकेड या दुसऱ्या वर्धापनाच्या मालिकेतही थोडं तसंच. तिथे जुन्या रायडरांची जगं भेटतात, पण बहुतेक ठिकाणी नव्या माणसांसह, नव्याने मांडलेली. जुना मित्र भेटावा आणि त्याने ओळखच दाखवू नये, असं मला वाटत राहिलं.

अल्ट्रामॅनची मात्र भावकी आहे, आणि ती एकमेकांना धरून असते. 1967 च्या अल्ट्रासेव्हनचा नायक दान मोरोबोशी 1974 च्या लिओमध्ये पथकाचा कप्तान म्हणून परततो. पाय जायबंदी, हातात काठी, रूप बदलण्याची शक्ती गेलेली. जे गमावलं ते गमावलंच, आणि तेच ओझं घेऊन तो लिओला घडवतो.

मला कायमचं अल्ट्राकडे ओढलं ते मेबियस या अल्ट्रा मालिकेच्या 41 व्या भागाने. 1980 च्या 'अल्ट्रामॅन 80' चा नायक यामातो ताकेशी सुरुवातीला शाळेत शिक्षक होता. बारा भागांनंतर मालिकेने शाळा सोडूनच दिली, आणि वर्गातली मुलं न सांगता मागे राहिली. मेबियस 25 वर्षांनंतरच्या त्याच जगात घडते. इथे ती मुलं पोक्त झालेली आहेत आणि शाळा बंद व्हायच्या बेतात आहे. ते सगळे गच्चीवर जमतात, समोर आपले सर अल्ट्रामॅनच्या महाकाय रूपात उभे आहेत ते आकाशाएवढे, आणि एकेक जण त्यांना आपण आज काय करतो ते सांगतो. 1980 मध्ये सुटलेला धागा 2007 मध्ये उचलला गेला, आणि तोही जुनं काही न पुसता.

अल्ट्रामध्येही सगळं एकाच जगात घडतं असं नाही. 1996 ची तिगा निराळ्या जगातली, गायाचं जग आणखी तिसरंच. 2013 नंतरच्या बऱ्याच मालिकांत जुन्यांच्या शक्ती कार्डांतून, पदकांतून उसन्या घेतल्या जातात, तेही कधी कधी अति होतं. ते नको असेल तर 2023 ची ब्लेझर आहे; ती स्वतःच्या पायावर उभी आहे. शिवाय जुन्या अल्ट्रा मालिकांचा वेग संथ आहे, तो सगळ्यांना मानवेल असं नाही.

तरीही तुम्हाला पात्रांचा लळा लवकर लागत असेल, तर मी अल्ट्राच म्हणेन. आधी 'अल्ट्रामॅन 80' चे पहिले बारा भाग बघा. मग मेबियस लावा आणि 41 व्या भागापर्यंत धीर धरा.