सातारा हिल हाफ मॅरेथॉन - मैत्रिणीसोबत पळायला जाताय तर वाचा

२१.१ किमी, त्यातला अर्धा निव्वळ चढ. साताऱ्यातून निघायचं, बोगदा ओलांडला की यवतेश्वरचा घाट सुरू, कासच्या रस्त्यावर वर जाऊन तिथूनच मागे फिरायचं. पुण्या-मुंबईच्या सपाट रस्त्यावरचा टायमिंग इथे विसरा.

मी आणि मैत्रीण एकत्रच पळायचं ठरवून गेलो, पण खरं सांगू का, घाटात एकत्र पळणं अवघडच, तिची चढाची लय वेगळी, माझी वेगळी, आणि दोघींपैकी जी पुढे असते ती सारखी मागे वळून बघते त्यात दोघींचाही दम जातो. शेवटी ठरवलं चढ आपापला चढायचा, यू टर्नला भेटायचं आणि उतार सोबत. हे मात्र मस्त जमलं! उतारावर गप्पा मारता येतात (गुडघे सांभाळून हां, जोरात सोडलं की मांड्या दोन दिवस जिना उतरू देत नाहीत).

सगळ्यात भारी म्हणजे गावातली माणसं. ओळख ना पाळख, तरी "चला ताई, आलंच!" म्हणून ओरडतात, ढोल वाजतो, अंगात येतं.

पावसाळा असतो, धुकं, मधेच सर, त्यामुळे सुके मोजे बॅगेत ठेवाच. राहायचं आधी बुक करा, आमच्या लॉजवाल्याने आयत्या वेळी रेट वाढवला. पळून झाल्यावर कंदी पेढे घ्या, तेवढ्या कॅलरी जळलेल्या असतात.

पाचपैकी साडेचार.